दशावताराचं शूटिंग: रेंडर ६३ टक्क्यांवर थांबतं, डीव्हीडी टीव्हीवर झटके देते

जत्रेकरी (कुडाळ)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक यंदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत शूट केलं. आड-दशावतारातल्या (मुख्य कथेआधीच्या भागातल्या) गणपती, सरस्वती, संकासुरापासून आख्यान (मुख्य कथा) संपेपर्यंत. कापून-जोडून ३ तास १० मिनिटं झालंय आणि यातलं काहीही गाळायचं नाही, असं मंडळाने एकमुखाने सांगितलंय.

मंडळातले एक आजोबा वर्षानुवर्षं स्त्रीपात्र करायचे. आता घराबाहेर पडत नाहीत. त्यांच्याकडे जुना टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे, मोबाइलच्या पडद्यावर त्यांना नीट दिसत नाही. अशी आणखी चारपाच घरं आहेत. म्हणून डीव्हीडीच हवी आहे. "आता डीव्हीडी कोण बघतं" हे सांगायला कृपया कोणी येऊ नका, ही माणसं बघतात.

सामान असं होतं: समोर मध्यभागी हँडीकॅम, १०८० ५०आय, एमटीएस फायली (कॅमेऱ्याच्या मूळ व्हिडिओ फायली). डाव्या बाजूने चेहऱ्यांसाठी मोबाइल. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, कारण कॅमेऱ्याच्या माइकवर पखवाज आणि झांज एवढी चढते की संवाद ऐकू येत नाहीत. संगणक आय५, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड.

अडचणी अशा:

मोबाइलचं चित्र सुरुवातीला आवाजाशी जुळतं, पण अर्ध्या तासाने ओठ पुढे आणि शब्द मागे. पुन्हा सरकवून जुळवलं की पुढे परत सुटतं.

एमपीईजी-२ रेंडर, म्हणजे एडिटमधून डीव्हीडीसाठीची फाइल काढणं, ६३ टक्क्यांवर थांबतं. नुसतं "अज्ञात त्रुटी" एवढंच येतं. बिटरेट (सेकंदाला किती माहिती) ४.६ एमबीपीएस, आवाज १९२ केबीपीएस, फाइल थेट बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढतोय. इफेक्ट काढले, ग्राफिक्स कार्ड बंद करून केलं, तरी थांबतं तिथेच.

पहिल्या तासाचा तुकडा वेगळा काढून डीव्हीडी केली. संगणकावर बरी दिसते, टीव्हीवर मात्र संकासुर नाचायला लागला की चित्र पुढेमागे झटके खातं. सुरुवातीच्या नामावलीतली अक्षरं थरथरतात. आणि आजोबांच्या प्लेअरने तर ती डिस्क घेतलीच नाही.

टाइमलाइन (एडिटरमधली जुळणीची पट्टी) डीव्ही पालची, म्हणजे ५७६ ओळींच्या जुन्या टीव्ही-पद्धतीची, घेतली आहे, कारण शेवटी डीव्हीडीच करायची होती.

---

मधुरा_एडिट (पुणे)

मोबाइलपुरतं मी सांगते, डिस्कचं इथल्या जाणत्यांना ठाऊक.

तुमच्या मोबाइलची फाइल मीडियाइन्फो या फाइल तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि "फ्रेम रेट मोड" समोर काय लिहिलंय ते बघा. तिथे "व्हेरिएबल" असणार. मोबाइल सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम देईलच असं नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की मध्येच २८, मध्येच २४ असं करत राहतो. प्रत्येक फ्रेम कधीची, ते फाइलमध्ये नोंदलेलं असतं, म्हणून फोनवर बघताना सगळं जुळतं. बरेच एडिटर मात्र ती नोंद न वाचता सरासरी धरून फ्रेम एकामागे एक मांडतात. रात्रीच्या जत्रेत, अर्ध्या अंधारात, हा फरक वाढतच जातो.

सरकवून जुळवत बसू नका. ती फाइल हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३० करा आणि खाली "कॉन्स्टंट" निवडा. "पीक" नको, तो पुन्हा बदलताच ठेवतो. क्वालिटी आरएफ १६ च्या आसपास ठेवा (आकडा लहान तेवढं चित्र चांगलं), फाइल मोठी झाली तरी चालेल. टाइमलाइनवर जुन्या फाइलच्या जागी ही नवी बसवा आणि एकदाच टाळीवर किंवा झांजेच्या ठोक्यावर जुळवा.

यानंतरही तीन तासांत थोडा फरक उरेल, त्याचं कारण वेगळं आहे. मोबाइल, हँडीकॅम आणि रेकॉर्डर या तिघांची घड्याळं तिघांची वेगळी. दोन यंत्रांत दहा लाखांत ५० एवढा फरक धरला, तर तासाला ०.१८ सेकंद होतो, तीन तासांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त. ओठांना तो लगेच कळतो. रेकॉर्डरचा आवाज हाच पाया धरा, कारण संगीत कापता येत नाही. चित्र प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला कट देऊन फ्रेम-दोन फ्रेम सरकवा. दोन कॅमेऱ्यांत कट मारतोच आहोत, तिथे ते लपून जातं.

पुढच्या जत्रेसाठी: मोबाइलमध्ये फ्रेम रेट आणि शटर हाताने ठरवता येतील असं ॲप घ्या. २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की रंगमंचावरच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिव्यांचे सरकणारे पट्टे दिसत नाहीत. शिवाय ३० फ्रेमचं चित्र २५ च्या टाइमलाइनवर आणलं की दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात, चाल अडखळते. यंदाचे मोबाइलचे शॉट संवादांना वापरा, नाचाला आणि युद्धाला हँडीकॅमच ठेवा.

---

रीळमास्तर (कोल्हापूर)

जत्रेकरी, तुम्ही आकडे नीट दिलेत, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. मी व्हीएचएसवर लग्नं शूट करायचो तेव्हापासून या धंद्यात आहे, आणि गिऱ्हाईक "डिस्क खराब आहे" म्हणून परत आणतं तेव्हा दोष डिस्कमध्ये क्वचितच असतो. एडिट, मास्टर (पूर्ण दर्जाची मूळ प्रत), एन्कोड (डीव्हीडीसाठी आकसलेली फाइल), ऑथरिंग (मेनू-चॅप्टरसह डीव्हीडीची रचना), बर्निंग (डिस्कवर लिहिणं) हे पाच वेगळे टप्पे आहेत. तुम्ही सगळे एका बटणात करताय, त्यामुळे चूक कुठे झाली ते दिसत नाही. प्रत्येक टप्प्याची फाइल हातात ठेवा आणि बघूनच पुढे जा.

आधी ६३ टक्के.

३ तास १० मिनिटं म्हणजे ११,४०० सेकंद. त्याचे ६३ टक्के साधारण ७,१८०. तुमचा चित्र आणि आवाज मिळून बिटरेट ४.८ एमबीपीएस. गुणाकार करा, आठाने भागा: ४.३ अब्ज बाइट्स. बाहेरची हार्ड डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. फॅट३२ मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स. तिथे फाइल अडते, आणि एडिटरला कारण सांगता येत नाही म्हणून "अज्ञात त्रुटी". इफेक्ट काढून फरक पडला नाही तो यामुळेच. अर्धवट राहिलेल्या फाइलचा आकार बघा, ४.२९ अब्जाच्या अगदी जवळ असेल तर शंका नको. डिस्कवरचा माल दुसरीकडे हलवा, ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा आणि मग काढा.

आकार त्या मर्यादेच्या आसपास नसेल तर मात्र टाइमलाइनवर दोष आहे. मग रेंडर जिथे थांबतं त्याच्या आगेमागे पाच मिनिटांचा तुकडा इन-आउट लावून काढायचा. तो अडला तर त्याचे दोन भाग, पुन्हा दोन भाग, असं करत नेमक्या क्लिपपर्यंत पोचायचं. बहुतेक वेळा तिथे तुटलेली एमटीएस, अवाढव्य आकाराचा फोटो किंवा नॉइज कमी करणारा इफेक्ट सापडतो. एमटीएसवरून सांगतो: कार्डावरून नुसत्या एमटीएस फायली उचलू नका, पूर्ण "प्रायव्हेट" फोल्डर जसंच्या तसं उतरवा. लांब शॉट कॅमेरा तुकड्यांत लिहितो. ते तुकडे कसे जोडायचे याची माहिती बाजूच्या फोल्डरांत असते. ती नसेल तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो.

आता मोठा मुद्दा. हे रेंडर पूर्ण झालं असतं तरी डीव्हीडीवर मावलं नसतं. ४.८ ने ११,४०० सेकंदांचे ६.८ जीबी होतात. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी, तेही हजाराच्या हिशेबाने. विंडोज तीच जागा ४.३७ दाखवतं. मेनू आणि इतर बाबींसाठी थोडी सोडून ३६,००० मेगाबिट धरा. त्याला ११,४०० ने भागलं की ३.१५ एमबीपीएस, आवाज वजा केला की चित्राला तीनही उरत नाहीत. रात्रीचं शूटिंग, काळोखातला नॉइज, भरजरी वेश, अंगावर चकाकणारे दागिने, त्यात नाच. एवढ्या कमी बिटरेटला हे सगळं चौकोन-चौकोन होऊन फुटेल. डबल लेअरची ८.५ जीबी डिस्क असते, पण ती महाग आणि जुने प्लेअर तिच्यावर अडखळतात. आजोबांसाठी ती नको.

दोन डिस्क करा. प्रत्येकी ९५ मिनिटं, म्हणजे ५,७०० सेकंद, म्हणजे ६.३ एमबीपीएस. आवाज डॉल्बी डिजिटल, चित्र सरासरी ५.८, कमाल ७.५, टू-पास व्हीबीआर (एन्कोडर दोनदा चाळून अवघड जागी जास्त बिटरेट देतो). डीव्हीडीच्या नियमात चित्राला ९.८ पर्यंत परवानगी आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तेवढं वाचताना दमतात. आवाज पीसीएम (न आकसलेला) ठेवू नका, तोच १.५ एमबीपीएस खातो. पहिली डिस्क कुठे तोडायची ते मंडळातल्या जाणत्याला विचारा. घड्याळाच्या ९५ व्या मिनिटाला तोडू नका. एक पात्र आत गेलंय, दुसरं अजून यायचंय आणि नुसती पायपेटी वाजतेय अशी जागा शोधा. पाच-सात मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिटरेट त्याप्रमाणे हलवता येतो.

झटक्यांचं कारण तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. ५०आय म्हणजे इंटरलेस: सेकंदाला ५० अर्धी चित्रं (फील्ड). एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही वेगळ्या क्षणांची. हँडीकॅमची एमटीएस वरची फील्ड आधी देते. डीव्ही पालची टाइमलाइन खालची आधी धरते. क्रम उलटला की टीव्ही दुसरा क्षण आधी आणि पहिला नंतर दाखवतो: हात पुढे, मागे, पुढे, मागे. स्थिर संवादात ते कळत नाही, संकासुर उडी मारतो तेव्हा कळतं. संगणकावर तुम्हाला बरं दिसलं, कारण प्लेअर दोन फील्ड एकत्र करून दाखवतो आणि क्रमाचा दोष झाकला जातो. फील्डच्या बाबतीत संगणकाच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. उलटंही असतं: संगणकावर हालचालीच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात आणि माणसं घाबरतात, पण ती फाइल टीव्हीवर स्वच्छ चालते.

म्हणून टाइमलाइन १०८० ५०आय, वरची फील्ड आधी, अशी नवी करा आणि सगळा एडिट तिच्यावर उचलून ठेवा. डीव्ही पालवर तुम्ही आधीच १०८० चं चित्र ५७६ ओळींवर उतरवून टाकलंत, मास्टरसाठी काही उरलंच नाही. या नव्या टाइमलाइनवरून मास्टर काढा. डीएनएक्सएचडी १२० या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये तुमच्या लांबीला १७१ जीबी लागतील. जागा नसेल तर एच.२६४, ४० एमबीपीएस, ५७ जीबी. त्यातही इंटरलेस आणि वरची फील्ड आधी असंच निवडा. हा मास्टर एकदा पूर्ण बसून बघा. यापुढे एडिटर उघडायचा नाही, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह, जे काही कराल ते यातूनच.

मास्टरवरून डीव्हीडीसाठी लहान करताना अजून एक खाच आहे. १०८० ओळींचं इंटरलेस चित्र सरसकट आकसलं तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि नाचणाऱ्याच्या मागे धुरकट सावली राहते. योग्य रीत अशी: आधी डीइंटरलेस करून ५० पूर्ण फ्रेम करायच्या, त्या ७२० x ५७६ वर आणायच्या, मग पुन्हा इंटरलेस करून २५ फ्रेमच्या ५० फील्ड. एफएफएमपेगमध्ये डीइंटरलेससाठी बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर आहे, चांगलं काम करतो. वेळ हाताशी असेल तर क्यूटीजीएमसी त्याहून सुंदर देतं, पण संगणक रात्रभर चालू ठेवावा लागेल. "२५ प्रोग्रेसिव्ह (नुसत्या २५ पूर्ण फ्रेम) करून टाका" असा सोपा सल्ला कोणी देईल. संवादाच्या नाटकाला तो ठीक आहे. दशावतारात गिरक्या आणि युद्धनृत्य आहे. तिथे ५० चे २५ केलेत तर त्या माणसाच्या अंगातली चपळाई तुम्ही अर्धी पुसलीत. ते करू नका.

पूर्ण नाटक एन्कोड करण्याआधी संकासुराचा वीस सेकंदांचा तुकडा घ्या. एकदा वरची फील्ड आधी, एकदा खालची आधी, असं दोनदा एन्कोड करा, पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर टाका आणि टीव्हीला लावा. एक झटके देईल, दुसरा पाण्यासारखा वाहील. यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

नामावली थरथरते, तो आपल्या लिपीचा खास त्रास आहे. देवनागरीत प्रत्येक शब्दावर आडवी शिरोरेषा. ती एका ओळीएवढी बारीक असली तर फक्त एकाच फील्डमध्ये येते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा दिसते आणि २५ वेळा नाहीशी होते. रोमन अक्षरांना एवढ्या लांब आडव्या रेषा नसतात, म्हणून इंग्रजी टायटलला हा त्रास कमी. जाड वजनाचा फाँट घ्या, शिरोरेषा लहान केलेल्या चित्रात निदान तीन ओळींची भरली पाहिजे. पांढऱ्याशुभ्र अक्षरांऐवजी किंचित मळकट पांढरा आणि उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर. कडेपासून दहा टक्के आत ठेवा, जुने टीव्ही कडा कापतात. नावं खालून वर सरकवू नका, एकेक पान विरघळवत बदला. कलाकार आपलं नाव वाचायला थांबतो, त्याला तेवढा वेळ मिळू द्या.

प्लेअरने डिस्क घेतली नाही, त्याबद्दल उद्या लिहितो. तोपर्यंत एवढं बघा: डिस्क उघडल्यावर आत "व्हिडिओ_टीएस" फोल्डर (जुना प्लेअर हेच शोधतो) आहे की नुसती एक एमपीजी फाइल?

---

मधुरा_एडिट (पुणे)

मास्तर, शिरोरेषेचं अगदी खरं. त्याला जोडून: एडिटरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, म्हणजे "संकासुर" नीट पण "सरस्वती" तुटकी येत असेल, तर प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" करा. डीव्हीडीच्या मेनूसाठी मात्र सॉफ्टवेअरच्या अक्षरांवर विसंबू नका. इंकस्केप किंवा गिम्पमध्ये मेनूचं पूर्ण चित्र बनवा, मराठी मजकूर चित्रातच, आणि ऑथरिंगमध्ये त्यावर फक्त बटणांच्या चौकटी ठेवा.

---

जत्रेकरी (कुडाळ)

मास्तर, मधुराताई, मनापासून आभार.

अर्धवट फाइल विंडोजमध्ये ३.९९ जीबी दाखवत होती. हार्ड डिस्क फॅट३२ च निघाली. एनटीएफएस केल्यावर रेंडर पूर्ण झालं, आणि मग तुम्ही म्हणालात तसं ते एका डिस्कवर मावणार नाही हेही दिसलं. नवी टाइमलाइन केली आहे. मोबाइलची फाइल कॉन्स्टंट करून बसवली, आता पूर्ण संवाद ओठांना धरून राहतो, दोन ठिकाणीच फ्रेम सरकवावी लागली. संकासुराचा तुकडा दोन्ही प्रकारे आमच्या घरच्या टीव्हीवर लावला. फरक आईनेसुद्धा लगेच ओळखला.

पहिली डिस्क आड-दशावतार आणि आख्यानातला पूर्वार्ध अशी तोडली. जागा मंडळाच्या पायपेटीवाल्यांनी दाखवली, १ तास ३१ मिनिटांवर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आधीच्या डिस्कमध्ये नुसती एमपीजी फाइल होती. आता डीव्हीडीस्टायलरमध्ये करून व्हिडिओ_टीएस आलं आणि आजोबांच्या प्लेअरने डिस्क घेतली! पण शेवटची दहा मिनिटं चित्र थांबत थांबत चालतं. त्याच ठिकाणी संगणकावर लावलं तर ठीक. डिस्कवर मंडळाचं नाव आणि गणपतीचं चित्र असलेलं गोल स्टिकर लावलंय, तेवढी वेगळी गोष्ट आहे. बर्निंगचा वेग "कमाल" होता.

---

टोरंटोचा मालवणी

वाचून बरां वाटला. आड-दशावतारासकट अख्खं नाटक कोणीतरी नीट जपून ठेवतंय हे फार मोलाचं काम आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. गावाहून इकडे डीव्हीडी येतात आणि इथल्या प्लेअरवर चालत नाहीत, कारण त्या पाल असतात, २५ फ्रेमच्या, आणि उत्तर अमेरिकेतले बरेच प्लेअर फक्त एनटीएससी (तिकडची, साधारण ३० फ्रेमची पद्धत) घेतात. आमच्यासाठी वेगळी एनटीएससी डिस्क करण्याच्या भानगडीत पडू नका, ५० चे ६० करताना नाचाची वाट लागते. मास्टरवरून एमपी४ करून दुव्याने पाठवा, आम्ही ५० फ्रेममध्येच बघू.

---

रीळमास्तर (कोल्हापूर)

स्टिकर काढा. म्हणजे त्या डिस्कवरचं खरवडू नका, थर निघून येईल. नवी डिस्क स्टिकरशिवाय करा.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, शेवटची मिनिटं सगळ्यात बाहेरच्या कडेला असतात. कागदी स्टिकर जरा जरी एका बाजूला बसलं तरी डिस्कचा तोल जातो, आणि दमट हवेत कागद ओढला गेला की डिस्क किंचित वाकते. कोकणात पावसाळ्यात तर विचारायलाच नको. वाकण्याचा परिणाम कडेला सर्वांत जास्त. त्यात कमाल वेगाने बर्न करताना बाहेरची कडाच सर्वांत वेगात लिहिली जाते. या दोन्ही गोष्टी तुमच्या शेवटच्या दहा मिनिटांवर येऊन आदळल्या. संगणकाचा ड्राइव्ह चुका दुरुस्त करून वाचतो, जुन्या प्लेअरची लेन्स तेवढी सोसत नाही.

तरी अंदाजावर जाऊ नका. ऑथरिंगमधून आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) काढा आणि ती व्हीएलसीमध्ये त्या शेवटच्या दहा मिनिटांवर लावा. तिथे स्वच्छ असेल तर एन्कोड आणि ऑथरिंग दोन्ही निर्दोष, दोष फक्त बर्निंगचा. तिथेच अडखळत असेल तर त्या भागाचा कमाल बिटरेट बघा, युद्धाचा प्रसंग असेल तर तो उसळलेला असणार. ७ वर आणा.

बर्निंगसाठी इमजबर्न वापरा. १६ एक्सची डिस्क असेल तर वेग ८ एक्स. अगदी १ किंवा २ एक्स करायची गरज नाही, आजच्या डिस्क त्या वेगासाठी बनवलेल्या नसतात. "व्हेरिफाय" ची खूण काढू नका, तेवढी मिनिटं द्या. डिस्क डीव्हीडी-आर घ्या. प्लस आर (डीव्हीडी+आर) घेतलीत आणि ड्राइव्ह साथ देत असेल, तर बुकटाइप (डिस्कवरची प्रकाराची नोंद) डीव्हीडी-रॉम करता येतो, जुने प्लेअर मग ती निमूट घेतात. आरडब्ल्यू फक्त चाचणीला. तिच्यावरून उजेड कमी परततो, म्हणून काही प्लेअर ती वाचत नाहीत. तुमच्या चाचणीला घरचा प्लेअर चालला, आजोबांचा कदाचित नाकारेल, त्यावरून घाबरू नका.

डिस्क कुठल्या कंपनीची ते बघताना डबीवरचं नाव पुरेसं नाही. पूर्वी आपल्याकडे मोझर बेअरच्या डिस्क गावोगावी मिळायच्या. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि आता त्या नावाने जे जुनं काही सापडेल ते किती वर्षं कुठल्या गोदामात पडून होतं कोणास ठाऊक. नव्या खेपेची घ्या, आणि खेप बदलली की पहिली डिस्क तपासूनच बाकीच्या बर्न करा. नाव लिहायचं तर डिस्कसाठी मिळणाऱ्या बिन-अल्कोहोलच्या मऊ टोकाच्या पेनाने. मंडळाचं नाव आणि गणपती कव्हरवर छापा, तिथे मोठाही येतो. गणपती छापलेलाच हवा असेल तर इंकजेटवर छापता येणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या डिस्क मिळतात.

टोरंटोच्या भाऊंचं बरोबर आहे. एमपी४ करताना मास्टर डीइंटरलेस करून ५० प्रोग्रेसिव्ह, एच.२६४, ८ बिट, आवाज एएसी स्टिरिओ. पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावणाऱ्यांसाठी मात्र ७२० च्या आकारात वेगळी करा, कारण जुन्या टीव्हींना १०८० ५०पी झेपेलच असं नाही. आणि त्याच जुन्या टीव्हींना पेन ड्राइव्ह फॅट३२ चा लागतो, म्हणजे ४ जीबीची तीच भिंत. तिथेही पायपेटीवाल्यांनी दाखवलेल्या जागीच दोन भाग करा.

---

जत्रेकरी (कुडाळ)

आयएसओ व्हीएलसीत शेवटपर्यंत स्वच्छ चालली, म्हणजे दोष बर्निंगचाच होता. स्टिकरशिवाय, ८ एक्सवर, व्हेरिफाय करून नवी डिस्क काढली. आजोबांच्या प्लेअरवर पहिला भाग न थांबता पूर्ण झाला. दुसरा भाग आज रात्री एन्कोडला लावतो.

मास्तर, एक शेवटचं. चॅप्टर दर पाच मिनिटांनी आपोआप टाकू का? आणि आवाज डीव्हीडीवर थोडा बारीक वाटतो, मास्टरमध्ये भरदार आहे.

---

रीळमास्तर (कोल्हापूर)

आपोआप नको. प्रत्येक पात्राच्या प्रवेशाला एक चॅप्टर टाका. आजोबा रिमोटचं "पुढे" दाबतील तेव्हा गणपती, सरस्वती, संकासुर असे थेट प्रवेश यावेत, कुठल्यातरी पदाच्या मध्यात उडी पडू नये. त्यांच्या स्त्रीपात्राची जागा आता जो करतो, त्याच्या प्रवेशालाही न विसरता एक ठेवा. एन्कोडरमध्ये चॅप्टरच्या जागा आधीच देता आल्या तर द्या, म्हणजे तिथे आय-फ्रेम (स्वतंत्रपणे पूर्ण साठवलेली फ्रेम) पडते आणि उडी बरोबर बसते. नंतर टाकलेला चॅप्टर जवळच्या आय-फ्रेमवर सरकतो, अर्ध्या सेकंदाचा फरक येतो.

आवाज बारीक होतो तो डॉल्बीच्या सेटिंगने. एन्कोडरमध्ये "डायलॉग नॉर्मलायझेशन" असतं, बऱ्याच ठिकाणी ते उणे २७ वर असतं. ते उणे ३१ करा, म्हणजे प्लेअर आवाज खाली खेचणार नाही. डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन "नन" करा, नाहीतर पखवाजाच्या प्रत्येक थापेला संवाद दबतात. टाइमलाइनवर लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा इफेक्ट) उणे ३ डेसिबलला असू द्या, आणि रेकॉर्डरची फाइल ४४.१ किलोहर्ट्झची असेल तर मास्टर काढताना ४८ करून घ्या. डीव्हीडीला ४८ च लागतं.

दुसऱ्या डिस्कच्या लांबीला बिटरेट पुन्हा मोजून घ्या. पहिली ९१ मिनिटांवर तोडलीत, म्हणजे ती ९९ मिनिटांची होईल: ५,९४० सेकंद, चित्राला सरासरी ५.५ ठेवा, आरामात मावेल.